घरचा आयसीयू: ऐंशीच्या पुढच्या रुग्णासाठी ही सेवा घ्यावी का?

खासगी हॉस्पिटलातल्या आयसीयूचं बिल फुगायला लागलं, की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नातेवाइकांना कुणीतरी सुचवतंच: ‘घरीच आयसीयू लावून घ्या.’ पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर इथे ही सेवा देणाऱ्या कंपन्या आणि ब्युरो आता पुष्कळ झाले आहेत. फोन केल्यावर एका दिवसात खालीवर होणारा बेड, मॉनिटर, ऑक्सिजन, बायपॅप (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र), कफ ओढणारं सक्शन मशीन आणि दोन पाळ्यांच्या सिस्टर असा संच दारात येतो. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. या सेवेत नेमकं काय मिळतं, ऐंशी-पंच्याऐंशी-नव्वदीच्या रुग्णाला त्यातलं काय उपयोगी पडतं आणि घोळ कुठे होतो, तेवढंच इथे पाहिलं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. घरी येतो तो आयसीयू नसतो. आयसीयूतून सावरून बाहेर आलेल्या, पण साध्या वॉर्डात ठेवायला जड जाणाऱ्या रुग्णाची ती पुढची पायरी असते. त्या कामासाठी ही सेवा चांगली आहे, आणि खूप म्हाताऱ्या माणसासाठी काही बाबतींत हॉस्पिटलपेक्षा सरस आहे. मात्र तिची किंमत यंत्रांत नसून माणसांत आहे, आणि कंपन्या जाहिरात करतात ती यंत्रांची.

घरी काय होत नाही

रक्तदाब टिकवायला नॉरअॅड्रेनलिनचं इन्फ्युजन चालू असेल तर रुग्ण घरी नेऊ नये. सिरिंज पंप घरी मिळतो, पण दर काही मिनिटांनी दाब पाहून वेग बदलणारा आणि सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) बंद पडली तर दुसरी घालणारा माणूस घरी नसतो. डायलिसिसवर अस्थिर असलेला, रक्तस्राव थांबलेला नसलेला किंवा ज्याचा ऑक्सिजन गेल्या दोन दिवसांत वाढवावा लागला आहे असा रुग्णही हॉस्पिटलातच हवा.

‘हाय फ्लो ऑक्सिजन घरी’ हा दावा आवर्जून तपासा. हाय फ्लो म्हणजे नाकातून मोठ्या वेगाने ऑक्सिजन मिसळलेली हवा देणारं यंत्र. हॉस्पिटलात त्याला भिंतीतल्या पाइपलाइनमधून शुद्ध ऑक्सिजन मिळतो. घरी त्याच यंत्राला मिनिटाला १० लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) जोडतात. यंत्र मिनिटाला ४० लिटर हवा देत असेल तर त्यात १० लिटर ९३ टक्क्यांचा ऑक्सिजन आणि ३० लिटर खोलीतली २१ टक्क्यांची हवा. हिशेब केला तर रुग्णाला मिळतो जेमतेम ३९ टक्के. ज्याला हॉस्पिटलात ६० टक्के लागत होता, त्याच्या रक्तातला ऑक्सिजन घरी पोचल्यावर पहिल्याच रात्री खाली येणार. डिस्चार्जच्या आधी ‘किती लिटर?’ एवढ्यावर थांबू नका. ‘किती टक्के ऑक्सिजन लागतोय?’ हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

कुणासाठी घ्यावी

वयापेक्षा आजारपणाआधीची अवस्था जास्त सांगून जाते. त्यासाठी क्लिनिकल फ्रेल्टी स्केल, म्हणजे माणूस किती खंगला आहे ते मोजायची पट्टी, वापरतात. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या डॉ. केनेथ रॉकवूड यांच्या गटाने ती २००५ साली मांडली. आता ती १ ते ९ अशी आहे. १ म्हणजे ठणठणीत, ५ म्हणजे बँक-बाजाराच्या कामांना सोबत लागणारा, ६ म्हणजे आंघोळीला मदत लागणारा, ७ म्हणजे सगळं दुसऱ्याने करावं लागणारा. आकडा ठरवताना आजच्या पडलेल्या अवस्थेकडे पाहायचं नाही, हे आजारपण सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीची अवस्था पाहायची.

हा आकडा महत्त्वाचा का, ते युरोपातल्या एका मोठ्या पाहणीतून दिसतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत २१ देशांतल्या ३११ आयसीयूंमधले ८० वर्षांवरचे पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांतले सुमारे २२ टक्के आयसीयूतच गेले, आणि ३० दिवसांत गेलेले सुमारे ३३ टक्के होते. जितका रुग्ण आधीपासून खंगलेला, तितकी शक्यता वाईट. त्याच वर्षी फ्रान्समधल्या २४ हॉस्पिटलांत ७५ वर्षांवरच्या ३,०३७ रुग्णांवर झालेला प्रयोग तर जास्तच बोलका आहे. अर्ध्या हॉस्पिटलांनी अशा रुग्णांना आयसीयूत घेण्यावर मुद्दाम भर दिला. तिथे ६१ टक्के रुग्ण आयसीयूत दाखल झाले, बाकीच्या हॉस्पिटलांत ३४ टक्के; सहा महिन्यांतले मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

आपल्याकडची कुटुंबं आणि हॉस्पिटलं वेगळी आहेत हे खरं, पण घरचा संच मागवताना हे आकडे डोळ्यांसमोर असावेत. आजारपणाआधी हिंडत्या-फिरत्या (१ ते ५) माणसाला न्यूमोनिया किंवा हृदयविकारातून बाहेर काढल्यावर दोन-तीन आठवडे ही सेवा दिली तर तो पुन्हा बसता-चालता होण्याची आशा धरता येते. ७ किंवा ८ वर असलेल्या माणसासाठी तोच संच लावताना ‘यातून काय साधायचंय?’ हे घरात बसून बोलायलाच हवं. पुष्कळदा अशा रुग्णाला त्रास कमी करणारी शुश्रूषा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, जास्त उपयोगी पडते. त्याबद्दल शेवटी.

ऑक्सिजन आणि वीज

संचातला सगळ्यात भरवशाचा आणि सगळ्यात हलगर्जीने लावला जाणारा भाग हाच. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर ३००-४०० वॅट खातो, १० लिटरचा ५००-६००. फिल्टर धुळीने भरला की वरचा गोळा ५ लिटर दाखवत राहतो आणि ऑक्सिजनची शुद्धता मात्र घसरलेली असते. संच लावायला आलेल्या तंत्रज्ञाकडे ऑक्सिजन अॅनालायझर असतो. पूर्ण फ्लोवर शुद्धता मोजायला लावा. ९० टक्क्यांच्या खाली असेल तर यंत्र परत. बाहेरचा जाळीचा फिल्टर आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवून बसवायचा. पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी रोज बदलायचं. यंत्र पडद्यामागे किंवा कपाटाला चिकटून ठेवू नका, चारी बाजूंना एक फूट जागा सोडा, नाहीतर ते तापून बंद पडतं.

देवघर त्याच खोलीत असेल तर समई, निरांजन, उदबत्ती दुसऱ्या खोलीत हलवा. ऑक्सिजनपासून निदान दहा फुटांच्या आत कुठलीही ज्योत नको. नळी तोंडाला असताना ओठांना व्हॅसलीन चोपडू नका, पाण्यात विरघळणारं मलम मिळतं ते वापरा.

विजेचा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत. १० लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, बायपॅप, मॉनिटर आणि गादीचा पंप मिळून साधारण ६५० वॅट होतात. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची, पण नुकसान आणि बॅटरीचं वय धरलं तर हा भार ती दीड-दोन तास ओढेल. जुनी असेल तर तासभरही नाही. पुण्यात महावितरणची गुरुवारची देखभाल याहून लांबते. म्हणून सिलिंडर हवाच. बी टाइपच्या छोट्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. ५ लिटरने तो पाच तास पुरतो, १० लिटरने अडीच. डी टाइपमध्ये सुमारे ७,००० लिटर, म्हणजे ५ लिटरने जवळजवळ २३ तास. गेजचा काटा अर्ध्यावर आला की हे तास अर्धे धरा. सिलिंडर उभा, साखळीने भिंतीला बांधलेला हवा, आणि तो उघडायचा पाना दोरीने त्याच्याच मानेला बांधून ठेवा. रात्री वीज जाते, सिलिंडर भरलेला असतो आणि पाना सापडत नाही, असं होतं.

आता ऑक्सिजनच्या जास्तीबद्दल, कारण घरी कमतरतेइतकाच तो धोका आहे. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या रुग्णाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८८ ते ९२ टक्क्यांमध्ये ठेवायचं असतं. मॉनिटरवर ९० दिसलं की घरातलं कुणीतरी घाबरून फ्लो वाढवतं, आकडा ९८ होतो, सगळ्यांना बरं वाटतं. तिकडे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि आजोबा ‘शांत झोपतात’. ही झोप नसते. हाक मारून, खांदा हलवूनही नीट जागे होत नसतील तर लगेच डॉक्टरांना फोन. डॉक्टरांनी ठरवलेली सॅच्युरेशनची कक्षा, खालची आणि वरची दोन्ही, मॉनिटरवर चिकटवून ठेवा.

बायपॅप आणि गळ्यातली नळी

बायपॅप घरी चांगला चालतो, अट एकच: रुग्ण मास्क स्वतःच्या हाताने काढू शकला पाहिजे किंवा शेजारी जागा माणूस हवा. उलटी झाली आणि मास्क घट्ट असला तर ती फुप्फुसात जाते. भरवल्यावर लगेच मास्क लावायचा नाही. म्हाताऱ्या माणसाची नाकावरची कातडी कागदासारखी पातळ असते, दोन दिवसांत नाकाच्या दांड्यावर जखम होते. पहिल्या दिवसापासून तिथे फोमची पट्टी लावा, आणि पट्टा इतकाच आवळा की खाली दोन बोटं जातील. थोडी हवा गळली तरी यंत्र ती भरून काढतं.

गळ्याला छिद्र पाडून नळी घातलेला, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीचा रुग्ण हा या सेवेचा खरा कस आहे. व्हेंटिलेटर बिघडण्यापेक्षा नळी सुकलेल्या कफाने बंद होण्याचा धोका कितीतरी मोठा आहे. उशाशी कायम काय हवं: त्याच मापाची एक जादा नळी, एक नंबर लहान अशी दुसरी, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), चालू स्थितीतलं सक्शन आणि वीज गेली तर पायाने चालणारं सक्शन. नळीच्या तोंडाशी ओलावा धरून ठेवणारा एचएमई फिल्टर रोज बदलायचा. कफ घट्ट असेल तर एचएमई पुरत नाही, तिथे गरम पाण्याचा ह्युमिडिफायर लागतो. सक्शनची नळी आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १० ते १५ सेकंद, त्याहून जास्त नाही; त्याआधी ऑक्सिजन वाढवून घ्यायचा. नळीच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा. जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबून आत जखम होते, कमी झाला तर लाळ खाली उतरते. तो मोजायचं छोटं मीटर बऱ्याच संचांत नसतं आणि सिस्टर बोटाने फुगा दाबून अंदाज करतात. मीटर नसेल तर कंपनीकडून मागूनच घ्या.

सिस्टर, मावशी, मामा

इथेच सेवा तरते किंवा बुडते. पांढऱ्या-निळ्या गणवेशात आलेली प्रत्येक व्यक्ती नर्स नसते. जीडीए म्हणजे काही महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेला परिचारक. एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग या नोंदणीकृत नर्स. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं हे काम अनुभवी मावशी किंवा मामा उत्तम करतात, कित्येकदा नव्या सिस्टरपेक्षा चांगलं. पण गळ्यातल्या नळीचं सक्शन, इंजेक्शनं, पंप यांसाठी जीएनएम किंवा बीएस्सीच हवी, आणि तिने आयसीयूत काम केलेलं असावं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. दिवसा नर्स आणि रात्री जीडीए अशी स्वस्तातली जोडी कंपन्या सुचवतात. ट्रॅकिओस्टॉमीच्या रुग्णाला ती घेऊ नका. पैसे वाचवायचेच असतील तर उलट करा: रात्री नर्स, दिवसा सक्शन शिकून घेतलेल्या घरातल्या माणसाच्या जोडीला मावशी. पहाटे, सगळे पेंगलेले असताना नळी तुंबली तर पटकन लक्षात येत नाही.

पाळी १२ तासांची असते, आठ ते आठ. बदली येण्याआधी आधीची निघून गेली तर मधला वेळ उघडा पडतो. समोरासमोर पंधरा मिनिटांचा हँडओव्हर आणि सुटी झाल्यास किती तासांत बदली, हे करारात लिहून घ्या. तोच-तोच चेहरा येतो का, हेही पाहा. रोज नवी सिस्टर येत असेल तर तिला कळायच्या आत रुग्ण बिघडतो.

काम होतंय की नाही हे पाहायला मॉनिटरची गरज नाही. कूस बदलल्याचा तक्ता पाहा: दर दोन तासांनी डावी, उताणी, उजवी, वेळेसह. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, बरोब्बर दोन-दोन तासांच्या असतील तर त्या पाळी संपताना भरलेल्या आहेत. मग स्वतः माकडहाड, टाचा, कोपर आणि कानांमागे (ऑक्सिजनची नळी तिथे घासते) हात फिरवून पाहा. गोऱ्या अंगावर लाल डाग दिसतो. सावळ्या अंगावर तो दिसत नाही, तिथे गरमपणा, कडकपणा आणि गडद पडलेला रंग पाहायचा. दाबल्यावर फिकट न होणारा डाग म्हणजे बेडसोरची सुरुवात.

हवेच्या गादीवर, ज्याला सगळे अल्फा बेड म्हणतात, भिस्त ठेवून कूस बदलणं थांबतं, ही नेहमीची चूक. गादीचा दाब रुग्णाच्या वजनानुसार लावायचा असतो. रुग्ण झोपलेला असताना माकडहाडाखाली गादीच्या तळाशी हात घाला. वर निदान इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला टेकत असेल तर गादीचा उपयोग शून्य. वर प्लॅस्टिक, त्यावर चादर, त्यावर दुपटं, त्यावर डायपर असे थर घातले तरीही तेच.

पोटात काय जातं

नाकातून घातलेल्या राइल्स ट्यूबची जागा पहिल्यांदा एक्स-रेनेच पक्की करायची. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवा मारायची जुनी पद्धत फसवते. नळी फुप्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो. नाकपुडीपाशी नळीवर किती सेंटिमीटरचा आकडा आहे तो लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी भरवण्याआधी, तसंच खोकल्याच्या किंवा उलटीच्या उबळीनंतर, पाहा. एका वेळी २०० ते २५० मिली, डोकं ३० ते ४५ अंश वर, भरवल्यावर पाऊण-एक तास तसंच. शेवटी ३० मिली पाणी. लांब वेळ काम करणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असतं, कुटून नळीतून घालू नका. दिवसभराचा डोस एकदम लागतो.

प्रमाणाचं बोलू. आजारी म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ४५ किलोच्या आजींना ५४ ते ६७ ग्रॅम. पेज आणि वरणाचं पाणी यांवर हे कधीच भरत नाही. अर्धा लिटर दुधाने १६ ग्रॅम, दोन उकडलेल्या अंड्यांनी १२ ग्रॅम, तरी जेमतेम अर्धा पल्ला. बाकीचं घट्ट डाळ, ताक, पनीर मिक्सरमधून बारीक करून आणि गाळून, किंवा आहारतज्ज्ञाने सांगितलेल्या पावडरीने भरायचं. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून. हे न पाळल्याने काय होतं? मुळातच आयसीयूत स्नायू झपाट्याने वितळतात. २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दहा दिवसांत मांडीच्या स्नायूचा जवळजवळ १८ टक्के भाग गेलेला आढळला. घरी आल्यावर उपाशी राहिलं तर उरलेलाही जातो, आणि मग ‘फिजिओथेरपी करूनही उभं राहत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते.

स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला मात्र नळी घालायची घाई नको. अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीने २०१४ मध्ये अशा रुग्णांत नळीऐवजी हाताने, सावकाश, आवडीचं भरवावं अशी स्पष्ट शिफारस केली आहे. नळीने आयुष्य वाढत नाही, आणि ती उपटू नये म्हणून हात बांधायची वेळ येते.

औषधांची मात्रा

‘क्रिएटिनिन एक आहे, किडनी नॉर्मल’ हे वाक्य घरच्या आयसीयूत फार ऐकू येतं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीने गाळून टाकायचा घटक. ८५ वर्षांच्या, ४५ किलोच्या बाईचं क्रिएटिनिन १.० असेल तर वय आणि वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने किडनीची गाळण्याची क्षमता येते मिनिटाला २९ मिली. तरुण वयात ती शंभराच्या आसपास असते. स्नायूच उरले नाहीत म्हणून क्रिएटिनिन कमी दिसतं. एनॉक्सापॅरिन, लेव्हेटिरॅसिटॅम, प्रीगॅबालिन, मेरोपेनेम, सेफेपिम या सगळ्यांची मात्रा इथे कमी करावी लागते. ती केली नाही तर रक्तस्राव, गुंगी, बरळणं, झटके. डिस्चार्ज कार्डावरची औषधं घरी तशीच पुढे चालतात, म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांना हा हिशेब वजनासह करायला सांगा. कंपनीच्या डॉक्टरने वजन विचारलंच नाही, तर त्यावरून त्या सेवेबद्दल बरंच कळतं.

घर जिथे जिंकतं

आयसीयूत म्हातारी माणसं बरळतात, रात्री उठून नळ्या उपटतात, किंवा याच्या उलट, दिवसभर गप्प पडून राहतात. हा डिलिरियम. गप्प राहणारा प्रकार जास्त फसवा आहे, कारण तो कुणाला त्रास देत नाही. सतत दिवे, अलार्म, अनोळखी चेहरे, तुटलेली झोप यांनी तो वाढतो. घरी हे सगळं बदलता येतं, आणि आमच्या मते ही सेवा घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी पहिल्या दिवशी लावा. सकाळी पडदे उघडे, समोर मोठं घड्याळ आणि कॅलेंडर, दुपारी खुर्चीत बसवणं, रात्री दिवे मालवलेले. मॉनिटरचा आवाज रात्री कमी करा आणि अलार्मच्या मर्यादा डॉक्टरांकडून रुंद करून घ्या, नाहीतर घरात हॉस्पिटलचाच गोंगाट होतो.

अचानक बिथरल्यास झोपेचं इंजेक्शन मागण्याआधी चार गोष्टी पाहा: लघवी तुंबली आहे का, शौचाला किती दिवस झाली नाही, कुठे दुखतंय का, ऑक्सिजन आणि साखर किती आहे. लोराझेपामसारख्या औषधांनी डिलिरियम बहुधा वाढतोच. लघवीची नळी हॉस्पिटलातून तशीच आली असेल तर ‘ही अजून का हवी आहे?’ हे रोज विचारा. बहुतेकांना नको असते, आणि जंतुसंसर्ग तिथूनच सुरू होतो.

डॉक्टर, तपासण्या, पैसे

‘चोवीस तास डॉक्टर’ म्हणजे बहुधा फोनवरचा डॉक्टर. प्रत्यक्ष भेट आठवड्यात किती वेळा, कोण येणार, व्हेंटिलेटरची सेटिंग्ज बदलायचा अधिकार कुणाला आणि बिघडल्यास कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं, ही उत्तरं लेखी हवीत. रक्त-लघवी आणि पोर्टेबल एक्स-रे घरी छान होतात. एबीजी (धमनीतल्या रक्तातले ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजायची तपासणी) होत नाही, असं धरून चाला: नमुना अर्ध्या तासात यंत्रावर गेला नाही तर आकडे बिघडतात, आणि वाहतुकीत तो वेळ सहज जातो. कार्ट्रिजवर चालणारं हातातलं यंत्र घेऊन येणारी प्रयोगशाळा असेल तरच ती घ्या. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावतो का, हे संच येण्याआधी मोजा. जुन्या इमारतींत मावत नाही, मग खुर्चीवर बसवून चार माणसांनी उतरवायची तयारी लागते.

पॅकेजचा भाव दिवसाचा सांगतात, त्यात वापरून फेकायच्या वस्तू नसतात. गळ्यातल्या नळीच्या रुग्णाला दिवसाला आठ-दहा सक्शन कॅथेटर, हातमोजे, एचएमई, डायपर लागतात, ती यादी आणि दर आधी घ्या. वापरलेल्या सुया कोण नेणार, हेही ठरवा. घरच्या कचऱ्यात त्या टाकायच्या नाहीत. विम्यात ‘डोमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन’ हे कलम असेल तरच काही परत मिळू शकतं, आणि त्यालाही अट असते: उपचार तीन दिवसांहून जास्त आणि रुग्ण हलवण्याजोगा नसणं किंवा हॉस्पिटलात जागा नसणं. ‘बिल परवडत नाही म्हणून घरी आणलं’ हे त्यात बसत नाही. ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार देतं, पण योजनेतल्या हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच.

वाईट रात्रीसाठी कागद

संच लावताना कुठलीही कंपनी हा विषय काढत नाही, आणि नेमकं इथेच कुटुंबाची सगळ्यात जास्त फरफट होते. पहाटे तीनला हृदय थांबलं तर सिस्टरने छाती दाबायची का? काही लिहिलेलं नसेल तर तिने दाबलीच पाहिजे. नव्वदीतल्या ठिसूळ फासळ्यांवर ते काय असतं, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये ‘पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये’ या निर्णयाची पद्धत आणि नमुना दिला आहे. त्यानुसार उपचार करणाऱ्या डॉक्टरने कुटुंबाशी आणि शक्य असेल तर रुग्णाशी बोलून सही केलेला कागद बेडजवळ ठेवता येतो. रुग्ण शुद्धीत असेल तर त्याचं लिव्हिंग विल, म्हणजे पुढे कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे, मॅजिस्ट्रेटची सही आता लागत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या डिसेंबर २०२३ च्या सूचनांमध्येही रुग्णाने किंवा नातेवाइकांनी नकार दिल्यास आयसीयूत दाखल करू नये असं म्हटलं आहे. तेव्हा ‘पुन्हा हॉस्पिटल नको’ असं ठरवणं बेकायदा नाही. ते न ठरवणं मात्र सिस्टरवर सोपवल्यासारखं होतं.

घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला नमुना ४-अ वर लागतो, आणि तो शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच द्यायचा असतो. कंपनीचा डॉक्टर रात्री येऊन तो देईल का, की फॅमिली डॉक्टर देईल? करार करतानाच विचारा आणि नाव लिहून घ्या. हे ठरलेलं नसलं तर मृतदेह घेऊन कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहावं लागतं.

आणि ज्या रुग्णासाठी उत्तर ‘त्रास नको, एवढंच हवं’ असं आलं, त्याला मॉनिटर आणि बायपॅपचं भाडं भरू नका. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. दोन्हीकडे कर्करुग्णांची शुश्रूषा विनामूल्य होते. कर्करोग नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या पॅलिएटिव्ह विभागाचे डॉक्टर घरी येतात का ते विचारा. लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात: चांगली गादी, एक अनुभवी मावशी, दम लागल्यावर आणि दुखल्यावर द्यायची मॉर्फिनसारखी औषधं, तोंड ओलं ठेवणं, आणि फोन उचलणारा डॉक्टर. बाकीच्यांनी संच पहिल्यांदा सात दिवसांसाठीच घ्यावा. काय साधायचं ते आधी लिहावं, म्हणजे ऑक्सिजन दोन लिटरवर येणं, अर्धा तास खुर्चीत बसणं, तोंडाने चार घास. सातव्या दिवशी डॉक्टरांना घरी बोलावून त्या यादीवरूनच पुढचा आठवडा ठरवावा. डिपॉझिट परत मिळायची मुदतही त्याच कागदावर लिहून घ्यावी.